वहिनींचा कोंडा

आमगावच्या बाजूला कोंबड्यांचं खाद्य तपासणारं एक लहानसं केंद्र होतं. दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी तिथे मदतनीस होतो. आजही दुपारी डोळा लागला की ती शेड दिसते. पत्र्यावर झिमझिम पाऊस, बाहेर बांध्यांमध्ये हिरवंगार धान, आणि आत एकेका पिंजऱ्यात एकेक कोंबडा, पिसं फुगवून, डोळे अर्धे मिटून बसलेला.

काम मोठं चमत्कारिक होतं. कोंबड्याला आधी उपाशी ठेवायचं, म्हणजे पोट रिकामं होतं. मग मोजून घेतलेलं खाद्य नरसाळ्यानं त्याच्या घशात सोडायचं. त्यानंतर फक्त पाणी. खालच्या ट्रेमध्ये पडलेली विष्ठा गोळा करून वाळवायची, तोलायची आणि शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची. तिथे ती जाळून तिच्यात किती उष्णता उरली आहे ते पाहत. खाद्यातल्या उष्णतेतून ती वजा केली की राहिलेली कोंबड्याच्या अंगी लागली, असा हिशेब. मला वाटायचं, प्रत्येक पक्ष्याच्या पोटात एक मंद चूल पेटलेली आहे आणि आम्ही तिची राख चाळत बसलो आहोत.

एका वर्षी केंद्राच्या साहेबांनी आमच्या गावच्या हलरवरचा, म्हणजे धान सडायच्या गिरणीवरचा, कोंडा तपासायला घेतला. तो माझ्या थोरल्या वहिनींच्या बचत गटाचा होता. कोंडा लवकर खवट होतो, म्हणून गटातल्या बाया तो ताजाच चुलीवर परतून ठेवायच्या. चाचणीत उतरला, तर गटानं गावातच कोंबडीखाद्य तयार करायचं ठरलं होतं. वहिनी स्वतः पोतं घेऊन आल्या आणि पिंजऱ्यांपुढे थबकल्या.

"काऊन भाऊजी, पाव्हण्यायले उपाशीच ठेवलं का?"

"तुमचाच कोंडा देणार आहे ना, नरसाळ्यानं."

"नरसाळ्यानं? तुमच्या मायनंही मले असं नाही खाऊ घातलं."

कोंडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी पोळा होता. साहेब सुटीवर गेले. आमच्याकडे पोळ्याला दारातलं कोणतंच जनावर उपाशी राहत नाही, कुत्र्यामांजरालाही आधी घालतात. संध्याकाळी जेवून शेडवर आलो तेव्हा हाताला पुरणाचा वास होता. कोंबडे माना वर करून बघत राहिले. मी कोठीतून धान काढलं आणि प्रत्येकाला मूठ मूठ टाकलं. सगळ्या शेडभर चोचींचा टकटक आवाज भरून राहिला, जणू पाऊस आतच येऊन पडत होता. मला फार बरं वाटलं.

धानाची तुसं कोंबड्याला पचत नाहीत. ट्रे जड झाले. वाळल्यावर त्यात कोंड्याचं कोणतं आणि धानाचं कोणतं, हे कोण ओळखणार? सगळं कोंड्याच्याच नावावर वजा झालं.

"यात काही दम नाही," निकाल आल्यावर साहेब म्हणाले. मी समोर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर चाचणी पुन्हा घेता आली असती. मी ट्रे धुवायला घेतले.

वहिनींनी जुना, खवट कोंडा नेऊन दिला, असं गटात बोललं जाऊ लागलं. गट मोडला. ज्या बायांबरोबर त्या हसत धानाच्या रोवणीला जायच्या, त्या बाया त्यांना पाहून रस्ता बदलू लागल्या. एकदा त्यांनी मला विचारलं, "कोंडा खरंच खराब होता का जी?" मी म्हणालो, "असेल."

नोकरी संपल्यावरही ते 'असेल' सुटेना. शेवटी एका सकाळी वहिनींकडे गेलो. त्या ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. पोळ्याची ती संध्याकाळ मी पहिल्यापासून सांगितली. त्यांचे हात थांबले.

"म्हणजे कोंडा चांगला होता."

"त्यात काहीच खोट नव्हती."

"इतके वर्षं मलेच वाटे, माह्याच हातून कमी परतला." मग त्यांचा आवाज चढला. "अन् हे मले एकटीले कायले सांगून राहिले? त्या बायायले सांगा. उठा."

त्यांनी पदर खोचला. गुडघे दुखत असूनही त्या माझ्या पुढे चालत होत्या. पहिल्याच घराच्या दारात उभ्या राहून त्यांनी हाक मारली, "बाहेर ये वो बाई! हे माहे दीर काय म्हणते, आयकून घे."

आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला. वहिनी बाजूला सरकल्या आणि मला पुढे केलं.