समाधीचं तिकीट

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. बोरिवलीला रिझर्वेशनच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या पन्नाशीतल्या माणसाने माझ्याकडून दिल्लीचा फॉर्म भरून घेतला. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून तो मला वाचायला लावत होता.

"दिल्लीत काय काम?" मी सहज विचारलं.

"एका राष्ट्रपतींच्या समाधीला जायचंय. माझी फाशी त्यांनी माफ केली होती."

नकळत मी एक पाऊल मागे सरलो. ते त्याला दिसलं. "मागे नका सरकू साहेब," तो शांतपणे म्हणाला, "मध्ये कोणीतरी घुसेल."

मी ओशाळलो. तो जन्मठेप भोगत होता. पॅरोलवर आला होता, दिल्लीची परवानगीही मिळाली होती, पण सोमवारी तुरुंगात हजर व्हायचं होतं.

खिडकीवर जायचं तिकीट होतं, परतीचं मंगळवारी पोचणाऱ्या गाडीच्या आधीचं नव्हतं.

"एका दिवसाने काय बिघडतंय?" क्लार्क म्हणाला.

तो खिडकीचे गज घट्ट धरून उभा राहिला. मागून आरडाओरडा सुरू झाला. त्याने हो म्हणू नये असं मला वाटत होतं, आणि म्हणावं असंही.

"नको," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्या पाया पडायला जाऊन फरारी ठरलो, तर त्यांनी माफी दिली कशाला?"

तो रांगेतून बाहेर पडला. मला कुठे जायचंय, हे क्लार्कला दोनदा विचारावं लागलं.