चोचवाल्याचं पिल्लू

कारधा गावच्या ढिवरांत, म्हणजे मासेमारांत, मासोळीवरून देवकाबाईशी वाद घालायची कोणाची टाप नाही. चाळीस वर्षं वैनगंगेत जाळं टाकलंय बाईनं, गंमत आहे का!

पण नागपूरहून रुपा मॅडम नदीतल्या माशांची यादी करायला आल्या आणि बिनसलं. जाळ्यात चोचवाला मासा होता, काडीसारखा सडपातळ, दोन्ही जबडे लांब आणि टोकदार. बाजूला बोटाएवढा दुसरा, त्याचा फक्त खालचा जबडा लांब. मॅडमनी दोन जाती समजून दोन ओळी लिहिल्या.

"एक ओळ खोडा," देवकाबाई म्हणाली. "हे त्याचंच पिल्लू हाये. वरची चोच मागून निघते."

मासेमार सोसायटीचा अध्यक्ष नत्थू हसला. "काकू, मॅडम शिकलेल्या हायेत. तुमी कायले मधात बोलून राहिल्या?"

चारचौघांत शब्द खाली पडला. बाईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. यादी दोन महिन्यांनी पक्की होणार होती. तेवढीच मुदत.

दुसऱ्या दिवशी ती काठच्या पाणगवतात शिरली. हा मासा आपली अंडी बारीक दोऱ्यांनी गवताला अडकवतो. डोळ्यांना दिसत नाहीत, बोटांना लागतात. केस विंचरावेत तसं तिनं गवत चाचपलं, अंड्यांसकट उपटलं आणि अंगणातल्या अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रमात सोडलं. रोज नदीचं ताजं पाणी, वर सावली, खायला डासांच्या अळ्या.

बारा पिल्लं निघाली. "एकमेकांलेच खाऊन राहिले मेले!" ती ओरडली. उरली तीन. खालची चोच वाढली, वरची काही निघेना. नत्थू येता-जाता डोकावायचा. "काकू, निघाली का वरची?" बाई म्हणायची, "निघंल. तुह्या मिशीपेक्षा लवकर निघंल."

दोन महिने भरले तशा मॅडम आल्या, मागोमाग नत्थूही. मॅडम ड्रमावर वाकल्या. तिन्ही पिल्लं पाण्याच्या वरच्या थरात निश्चल होती आणि वरची चोच आता निघून खालचीच्या बरोबरीला आली होती. मॅडमनी पेन काढलं आणि एक ओळ खोडली.

"चूक माझी होती, देवकाबाई. याचे भाऊबंद समुद्रात असतात, हात-हात लांब. त्यांचीही पिल्लं अशीच वाढतात."

देवकाबाईनं समुद्र कधी पाहिला नव्हता. तिनं पदर खोचला आणि मागं वळून हाक दिली, "नत्थू, आयकलं का रे? समुद्रापर्यंत माहं बराबर हाये!"