मतपाकिटाला कुंकू

वरून बहरीन दिसलं ते देवगडच्या अंगणात वाळत घातलेल्या गोधडीएवढं. विमानाबाहेर पाऊल टाकलं आणि उन्हाने माझ्या मिशीला इस्त्री केली. ऑक्टोबरात! भावोजी गाडी घेऊन उभे होते. ते जनाबियातल्या एका अमेरिकन साहेबाचे ड्रायव्हर. गाडी एवढी लांब, की मी मागून मारलेली हाक त्यांच्यापर्यंत पोचेतो वाटेतलं तुबली गाव आलं.

"मेव्हणे, आठवडाभर जीभ आवरा," भावोजी म्हणाले. "आमच्या मॅडमचा भाऊ तिकडे अमेरिकेत सिनेटर (आपल्या खासदारासारखा). पुन्हा उभा राहिलाय, पण तिथली माणसं जुन्या वळणाची, त्याच्यावर उखडलीत. घरात सगळे तंग. त्यात माझा व्हिसा संपत आलाय, आणि कागदावर साहेबाची सही नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबाने टपालाने धाडायचं आपलं मत पाकिटात बंद करून भावोजींकडे दिलं. भावोजींनी ते खोलीतल्या गणपतीच्या फोटोपुढे ठेवलं आणि जेवायला बसले. शुभकार्याचं पाकीट आणि कोरं? ताईने पाठवलेलं कुंकू भिजवून मी चारी कोपऱ्यांना लावलं.

भावोजींच्या हातातला घास गळला. "अहो, यावर खूण केली तर मत बाद! दुसरं मागवेपर्यंत निवडणूक होऊन जाईल!"

ओल्या फडक्याने पुसलं, तर अख्खं पाकीट लाल.

"खलास (संपलं)," ते म्हणाले. "आता गावची तिकिटं काढा. दोन."

साहेब बंगल्याच्या पायरीवर होता. सहा फूट म्हणतात, मला तो माडाएवढा वाटला.

"मी लावलं, साहेब," लाल पाकीट पुढे करत भावोजी इंग्रजीत म्हणाले.

"नो साहेब, मी!" मी छातीवर हात मारला.

"कशासाठी?"

"तुमचा मेव्हणा निवडून यावा म्हणून," भावोजींनी सांगितलं.

साहेबाने खिडकीकडे पाहिलं. आत मॅडम होत्या. त्याने आम्हाला गॅरेजमध्ये ओढलं, दार लावलं आणि तो हळूच काही पुटपुटला. भावोजींचा चेहरा पांढराफटक.

"काय म्हणतो?" मी विचारलं.

"त्याने मत मेव्हण्याच्या विरोधात दिलंय. मॅडमना कळता कामा नये."

भावोजी खाकरले आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "साहेब, व्हिसाचा कागद गाडीतच आहे."

साहेबाने बॉनेटवरच सही ठोकली. लाल पाकीट तसंच टपालात गेलं.

मी गावी परतल्यावर भावोजींचं पत्र आलं. सिनेटर काठावर निवडून आला, मॅडमनी केक कापला, साहेबाने दोन तुकडे खाल्ले. आमच्या गावात कुणाचं मत कुणाला, हे पेटी फुटायच्या आधी हॉटेलात कळतं. साहेबाचं मत मात्र मी इतकी वर्षं पोटात ठेवलं. आज लिहितोय, कारण मॅडमना मराठी वाचता येत नाही.