तिसऱ्या सिलेंडरची फट

लग्न होऊन आली तेव्हा ती सासऱ्यांच्या गॅरेजवर फक्त डबा द्यायला जायची. डबा देता देता पाना द्यायला लागली आणि वर्षभरात पाना फिरवायला. नवरा बँकेत कारकून. त्याला पाना आणि सांडशी यांतला फरक विचारू नये. बारा वर्षांत गल्लीने तिचं नाव मिस्त्रीणबाई करून टाकलं.

तर ही मिस्त्रीणबाई त्या सकाळी चांगलीच पेचात सापडली. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंची गाडी आठच दिवसांपूर्वी, पूर्ण इंजिन नव्याने बांधून, तिने स्वतः त्यांच्या हवाली केली होती. तीच गाडी आता दारात थरथरत उभी.

"उभी असली की कापते, चढ आला की दम टाकते," बाई म्हणाल्या. "पलीकडचा गॅरेजवाला म्हणतो, पिस्टनच्या रिंगा उलट्या बसल्यात. इंजिन परत खोलावं लागेल."

"त्याने न बघताच सांगितलं?"

"आवाजावरून."

"मग मला दुपारपर्यंत वेळ द्या. मी बघून सांगते."

सासरे स्टुलावर बसून ऐकत होते. त्यांनी मान हलवली.

तिने इंजिन गरम केलं, चारही प्लग काढले. प्लगच्या भोकात दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज बसवायचा, सासऱ्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, तिने काटा बघायचा. पहिला एकशे सत्तर. दुसरा एकशे अडुसष्ट. तिसरा पंच्याण्णव! चौथा पुन्हा एकशे सत्तर. तिसरा तिने तीनदा मोजला. काटा काही ऐकेना.

मग तिने तिसऱ्यात चमचाभर तेल सोडलं. रिंगांतून दाब निसटत असेल, तर तेल ती वाट बुजवतं आणि काटा चढतो. काटा शंभरवर जाऊन थांबला.

"रिंगा ठीक आहेत, बाबा. व्हॉल्व्हमधून जातंय."

"व्हॉल्व्ह तू घासलेस," सासरे म्हणाले. टोमणा नव्हता, पण तिला लागायचं ते लागलंच.

"घासले. म्हणूनच खात्री केल्याशिवाय इंजिनचं हेड उतरवणार नाही."

दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतील अशा जागी तिने इंजिन फिरवून आणलं आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली. मग गाडीमागे गुडघे टेकून सायलेन्सरला कान लावला. आत बारीक सुस्कारा चालू होता. धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता.

आता घासण्यात खोट असेल, नाहीतर व्हॉल्व्ह आणि त्याला वरून दाबणारा दांडा यांच्यातल्या फटीत. तिने व्हॉल्व्हवरचं झाकण काढलं आणि इंजिन पार निवेपर्यंत हात लावला नाही. मग फट मोजायच्या पट्ट्या घेतल्या. ठरलेली पट्टी जाईना. त्याहून पातळ जाईना. सगळ्यात पातळही जाईना. फट नव्हतीच. इंजिन तापलं की लांबलेला व्हॉल्व्ह जागेवर टेकायच्या आधीच दांड्याला अडून उघडा राहत होता.

ही फट बाबांनी लावली होती. चाळीस वर्षं ते पट्टी न घेता, बोटांनी हलवून लावत आले होते.

ती पट्टी हातात धरून उभी राहिली. गुपचूप फट नीट करून झाकण लावणं दोन मिनिटांचं काम होतं.

"बाबा, जरा इकडे या."

सासरे आले. पट्टी त्यांनी स्वतः घालून पाहिली. बोटं चोळली, परत पाहिली.

"बाकीच्या सातही बघ," ते म्हणाले. त्यातही एक आवळलेली निघाली.

तिने आठही फटी पट्टीने लावल्या, झाकण चढवलं, इंजिन पुन्हा गरम करून तिसरा मोजला. एकशे पासष्ट. व्हॉल्व्ह जळण्याआधीच दोष सापडला होता.

बाई परत आल्या, चढावर एक फेरी मारून हसत उतरल्या. "चूक काय होती मग?"

"आमच्याकडून फट..." तिने सुरुवात केली.

"माझ्याकडून," सासरे मध्येच म्हणाले. "बोटांना आता पूर्वीसारखं कळत नाही. तिने शोधून काढलं."

बाई म्हणाल्या, "माझी दुसरी गाडी सोमवारी आणते. तिचे व्हॉल्व्ह वाजतात."

त्या गेल्यावर सासरे बराच वेळ हात पुसत बसले. तिने समजूत घातली नाही, घातलेली त्यांना आवडलीही नसती.

"सोमवारच्या गाडीचा आवाज तुम्ही ऐका," ती म्हणाली, "फट मी मोजते."

"आता सासऱ्याला कामं वाटून देणार?"

"देणार."

"चहा तरी सांग मग," म्हणत त्यांनी स्टूल पुढे ओढलं.