ऐंशीचा की ब्याण्णवचा

थर्मोस्टॅट हा शब्द मी फ्रिज आणि इस्त्रीपलीकडे कधी वापरला नव्हता. गेल्या हिवाळ्यात मात्र आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता. चहाला थर्मोस्टॅट, जेवताना थर्मोस्टॅट. मेलं त्या वस्तूचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं दुखतं.

आमच्या ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागतं. आम्ही राहतो दिंडोरीच्या पुढे, बागेत, आणि सेंटर नाशिकला. दुसरी किडनी बसवावी तर हृदय साथ देत नाही, म्हणजे हे आता असंच चालायचं. डॉक्टरांनी मीठ बंद केलं, पाण्यावर बंधन आणलं, ते ह्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. पण गाडीची किल्ली काढून घेतली ते फार लागलं. रक्तदाब कधी खाली जाईल याचा नेम नाही, तेव्हा स्टिअरिंगवर बसायचं नाही. मग जिने पन्नाशीपर्यंत स्कूटीशिवाय काही चालवलं नव्हतं ती मी गाडी शिकले, आणि हे शेजारच्या सीटवर बसून मला शिकवत राहिले. अजून शिकवताहेत.

गाडी लहानशीच, पण टर्बो इंजिनाची. पाय दाबला की मागून कुणी ढकलल्यासारखी पळते. दरवर्षी बागेतला शेवटचा माल गेला की दुसऱ्या दिवशी हे वणीवरून सापुताऱ्याचा घाट चढून यायचे. एकटेच. मला विचारायचे, पण घाटात मला मळमळतं, मी कधी गेले नाही. हंगामभर माणूस मजूर, औषधफवारणी आणि व्यापारी यांच्यात पिचून निघायचा, आणि त्या एका दिवसानंतर घरी हसत यायचा. असल्याच एका खेपेला घाटात इंजिनाचं तेल फार तापलं. परत आले ते ठरवूनच, तेलाला कूलर बसवायचा. म्हणजे पुढच्या जाळीमागे एक छोटा रेडिएटर. तेल त्यातून फिरून गार होऊन परत इंजिनात जातं.

गॅरेजवाला तेव्हाच म्हणाला होता, सोबत थर्मोस्टॅट बसवू, म्हणजे तेल पुरेसं तापल्याशिवाय कूलरकडे जाणार नाही. ह्यांनी उडवून लावलं. कारण हे पडले द्राक्षवाले. माल तोडला की उन्हात एक क्षण ठेवायचा नाही, थेट प्रीकूलिंगच्या खोलीत, हे ह्यांनी जन्मभर केलेलं. गार केलं की टिकतं, एवढा एकच मंत्र. बरं, थंडीची लाट आली की हाच माणूस पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचा, गारठ्याने मणी तडकतात म्हणून. पण तेव्हा ते काही आठवलं नाही. गारव्याने कधी कुणाचं वाईट होतं का, म्हणाले, आणि थर्मोस्टॅटशिवाय कूलर बसला.

घाटासाठी ठीक होतं ते. पण घाट बंद झाला आणि गाडी उरली दिंडोरी ते नाशिक एवढीच, तीही हिवाळ्यात उजाडताना, माझ्या चालीने. माझी चाल म्हणजे बैलगाडीने हॉर्न द्यावा अशी. तेलाच्या उष्णतेचा काटा सेंटर येईपर्यंत जेमतेम साठावर. एक दिवस गॅरेजमध्ये तेलाचं झाकण उघडलं तर आत ताकासारखं पांढरट काहीतरी जमलेलं. तेल तापतच नाही, त्यामुळे आतलं पाणी उडून जात नाही, असंच राहिलं तर इंजिन जाईल, असं गॅरेजवाला म्हणाला. इंजिन रस्त्यात बसलं आणि डायलिसिसची पाळी चुकली तर काय होतं हे मला एकदा बघून झालं होतं. रात्रीत पाय सुजले, श्वास लागला. पुन्हा तो प्रकार नको.

तर थर्मोस्टॅट बसवायचा, हे ठरलं. घोडं अडलं ते पुढे. बाजारात दोन मिळत होते. एक ऐंशी अंशांना उघडणारा, दुसरा ब्याण्णवला. ऐंशीचा लवकर उघडतो, तेल लवकर गार करायला लागतो. घाट चढणाऱ्या, दामटून चालवणाऱ्या गाडीला तो बरा. ब्याण्णवचा तेल नीट तापू देतो. थंडीत, थोड्या अंतरावर, सावकाश जाणाऱ्या गाडीला तो बरा. गॅरेजवाल्याने हात झटकले. वहिनी, दोन्ही चांगले आहेत, गाडी कुठे न्यायची ते तुम्ही ठरवा, असं म्हणाला.

ह्यांना ऐंशीचाच हवा होता. मला ब्याण्णवचा. आता मला थर्मोस्टॅटमधलं काय कळतं, पण गाडी कुठे जाते ते मला कळत होतं ना. हे डायलिसिसला पडल्या पडल्या, एक हात सुयांत अडकलेला, दुसऱ्या हाताने मोबाइल धरून कुठल्या कुठल्या देशातल्या लोकांचे व्हिडिओ बघायचे. मी बाहेर बाकावर मेथी निवडत बसायची. सुटले की फिकट चेहऱ्याने गाडीत बसायचे आणि पहिलं वाक्य, ऐंशीचाच बरोबर आहे. मी किती सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी म्हसरूळजवळ एकदा सिग्नलला माझा तोल गेला. रात्रीची झोप नाही, पहाटे उठून डबा, मागे ट्रकवाला ठणाणा हॉर्न मारतोय. मी म्हणाले, "कुठल्या घाटात जायचंय तुम्हाला? कोण नेणार आहे?"

सिग्नल सुटला. घर येईपर्यंत हे खिडकीतून बाहेर बघत राहिले. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटलं, गाडीत शांतता होती म्हणून.

पुढच्या खेपेला डायलिसिस जड गेलं. मध्येच रक्तदाब उतरला, पायात गोळे आले, नर्स धावली. बाहेर आले तेव्हा हाताला धरून आणावं लागलं. मी म्हटलं, गॅरेजला नंतर जाऊ. नको म्हणाले, आजच. आणि वाटेत मीच बोलून गेले, तुमचा ऐंशीचाच बसवू, चालेल मला. एकदाचं मिटू दे. खरंच मिटू दे असं वाटत होतं. भांडायलासुद्धा अंगात काही लागतं.

गॅरेजमध्ये उतरून हे प्लास्टिकच्या खुर्चीत बसले आणि गॅरेजवाल्याला म्हणाले, "ब्याण्णवचा टाक. गाडी आता हीच चालवणार हाय."

एवढे दिवस ज्याच्यासाठी घसा कोरडा केला ते पदरात पडलं होतं, आणि मला ते नको होतं. घाट गेला, हे त्या माणसाने आज आपल्या तोंडाने म्हटलं होतं. तेही कुणी जोर न करता.

थर्मोस्टॅट बसवायला दुपार गेली. झाल्यावर गाडी फिरवून बघायची होती. या गाडीची फेरी ह्यांनी कधी दुसऱ्याला मारू दिलेली नाही. किल्ली गेल्यावरसुद्धा शेजारी बसून का होईना, जायचेच. त्या दिवशी उठले नाहीत. तू जाऊन ये, म्हणाले.

मी गॅरेजवाल्याला घेऊन दिंडोरी रोडने पार ढकांब्यापर्यंत जाऊन आले. काटा चढत गेला, नव्वदीत पोचला आणि तिथे स्थिर राहिला. तेलाचं काम झालं होतं, इंजिनाचीही कसली कुरकुर नव्हती. परत येऊन ह्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"बरं झालं," म्हणाले. "आता मला काय विचारायचं काम पडणार नाय तुला."

हा माणूस गाडीबद्दल बोलत नव्हता, हे न कळण्याइतकी मी काही कालची लग्न झालेली नव्हते. इतक्या वर्षांत ह्यांच्या हट्टापायी माझ्या नाकी नऊ आले होते, आणि आता तो हट्ट नसेल तर त्या रिकाम्या गाडीत मी काय करू, तेच मला कळेना.

गॅरेजवाला आत हात धुवायला गेला होता. इंजिन चालूच होतं.

मी म्हटलं, "अहो, पण खालून कसला तरी आवाज येतोय."

"कसला?"

"मला काय माहीत कसला. या, बघा."

ते खुर्चीचा हात धरून उठले. हळूहळू आले, बॉनेटवर तळहात टेकला, वाकले, कान लावला. बराच वेळ ऐकत होते.

"नाय येत आवाज," म्हणाले.

"येतोय," मी म्हटलं. "नीट ऐका."