पाठीमागचे हात

नागपुरातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ते काका दरवर्षी दिसत. हात पाठीमागे बांधून बॉनेटपाशी वाकत आणि डोळे मिटून इंजिन ऐकत. परीक्षक आले की बाजूला सरकत.

यंदा एका हिरव्या गाडीला कप मिळाला. मालक फोटोसाठी उभा राहिला. काका पुटपुटले, "हिच्या इंजिनाचं काम माह्यं हाय."

"मंग सांगा ना त्यायले," शेजारी उभा मी म्हणालो. "स्टेजवर बोलावतीन."

"कप ठेवू दे त्यायले. मले आवाज ऐकाले भेटते, बस झालं."

"पण हात काहून मागं बांधता?"

"मोकळे दिसले का गार्ड वरडते, गाडीले हात नको लावू."

मी घरातला पहिला पदवीधर. माझे बाबाही साहेबांसमोर असेच उभे राहायचे. मी त्याला नम्रता समजत आलो होतो.