जाम नदीवरची वकिलात

सुधा, मी पांढुर्णा सोडलं तेव्हा तू फलाटावर आईच्या पदराआड उभी होतीस. दिल्लीच्या गाडीला उशीर होता. बाबा वर्गात घालत तशा हात मागे बांधून येरझारा घालत होते. परराष्ट्र खात्यात कारकुनी म्हणजे नेमकं काय, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण स्टेशनमास्तरांना ते सांगून आले होते. आईनं शेवयांचा डबा पिशवीत खुपसला आणि म्हणाली, "तिथं मानसायले धरून राहजो, बाबू. तोडाले येळ नाही लागत." नजर रुळांवर होती. ती सावरगावच्या मामाबद्दल बोलत होती, हे मला कळलं.

तू लहान होतीस म्हणून सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे नदीत मधोमध रोवलेल्या झेंड्यासाठी दगडफेक, व्हायची, इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव. आई त्या काठाची, बाबा या काठाचे, त्यामुळे त्या दिवशी आपल्या घरात जेवतानासुद्धा जपून बोलावं लागे. पण एक रीत मोठी माणसं पाळत. गोटा कोणाचा लागला, हे विचारायचं नाही. जिंकलेला झेंडा देवीपाशी गेला की डोक्याला फडकं बांधलेली माणसं एकमेकांच्या ओट्यावर चहा पीत. एका वर्षी मामाच्या गुडघ्याची वाटी फुटली. बाबा दवाखान्यात भेटायला गेले आणि दुखण्याच्या भरात मामानं विचारलं, "भाऊजी, गोटा तुमचा त नव्हता?" बाबा उठले, चप्पल घातली आणि घरी आले. त्यानंतर येणंजाणं संपलं. भाऊबीजेला आई अंगणात जाऊन चंद्राला ओवाळू लागली. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसं करतात. तिचा भाऊ पुलापलीकडे होता.

दिल्लीत काही काळ फायली लावल्यावर मला एका लहानशा, थंड देशातल्या आपल्या वकिलातीत पाठवलं. तिथं हिवाळा लागला की आवाजच मावळायचे. ट्रामसुद्धा कापसावरून गेल्यासारखी जायची. दुपारीच दिवे लागत. ओव्हरकोट घालून टाइपरायटरसमोर बसलो की काचेबाहेर बर्फ पडतंय की आपल्याकडच्या लोधीखेड्याच्या बाजूची कापसाची रुई उडून राहिली, क्षणभर समजत नसे. मी ते समजून घ्यायची घाईही करत नसे.

नवे राजदूत येणार होते. त्यांच्यासाठी दोन्ही देशांनी एकमेकांकडे कधी, कोणाला पाठवलं, याचा इतिहास थोडक्यात लिहायचं काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला तिथला एक चहाचा व्यापारीच आपला मानद वाणिज्यदूत होता, दारावर पाटी आणि आत चहाच्या पेट्या. पुढे शेजारच्या देशातले आपले राजदूत याही देशाकडे बघू लागले. पाहुण्यासारखे यायचे, जेवायचे, जायचे. मग आपली स्वतःची वकिलात उघडली आणि काही वर्षांत कशावरून तरी दोन्ही सरकारं रुसली. राजदूत परत गेले. मला वाटलं, आता कुलूप. पण नाही, एक ज्युनिअर अधिकारी मागे ठेवला होता. तो फक्त दार उघडून बसायचा. आमचे सचिव मला म्हणाले, "नाराज़ हो तो छोटा आदमी बिठाओ, बाबू. दरवाज़ा बंद मत करो."

ते लिहीत असतानाच एका रविवारी दुपारी डोळा लागला. त्या शहराची नदी गोठायची आणि माणसं लेकरं घेऊन तिच्यावरून चालत जायची. स्वप्नात जाम नदी तशी गोठली होती, पांढरी, निवांत. एकाही गोट्याचा आवाज नव्हता. आई तबक घेऊन तिच्यावरून चालली होती आणि पलीकडचा काठ येतच नव्हता. जागा झालो तेव्हा मी रडत होतो.

दिवाळीत रजा मिळाली. भाऊबीजेच्या सकाळी मी कोट चढवला आणि सावरगावला जातो म्हणालो. आई म्हणाली, "म्या पाठोलं मनू नोको. निस्ता कसा हाये ते पाहून ये." बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "मले काही माहीत नाही. थंडी हाये, मफलर घे."

मामा अंगणात संत्र्याची कलमं गोणपाटात बांधत होता. चहा आला. मी पाठ केलेलं बोललो, की घरी सगळे बरे आहेत, दोन्ही घरांचे संबंध पूर्ववत व्हावेत अशी सर्वांची इच्छा आहे. मामानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"झालं?"

"हो."

"तुह्या मायचे पाय मोडले का, बाळू? मोडले त माहे मोडले. भाचा पाठवते मले, जसा मी कलेक्टर हाये." मग कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ते काठी दे."

पुलावर मी हात धरू लागलो तर झटकला. मध्यावर दम घ्यायला थांबला. "गोटा कोनाचा बी असन," खाली पाण्याकडे बघत म्हणाला, "इचारलं, ते चुकलं."

दार बाबांनी उघडलं. त्यांनी मामाच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि स्वतःची आरामखुर्ची पुढे सरकवली. "बसा," म्हणाले. संध्याकाळी आई मामाला ओवाळायला उभी राहिली आणि दारातल्या वाऱ्यानं तबकातलं निरांजन विझलं. ते तूच पुन्हा लावलंस. बाबा खिडकीशी पाठमोरे उभे होते, आणि बऱ्याच वेळानं वळले.

पुढे मी कितीतरी देशांत राहिलो, सगळीकडे कोणाच्या तरी वतीनं. त्या कामाची गोडीही लागली. निवृत्त होऊन दिल्लीत स्थिरावलो तरी सवय गेली नाही. तुझ्याकडे दर दिवाळीला पार्सल पाठवतो, एकदा मुलाला पाठवलं, एकदा सुनेला. माझ्यासारखे गाव सोडून गेलेले बहुतेक जण हेच करतात आणि घराशी संबंध चांगले आहेत, असं समजतात.

परवा फोनवर तू म्हणालीस, "साडी पोचली, दादा. लय छान हाये. पन साडीले कसं ओवाळू?" तू हसत होतीस. मला हसता आलं नाही. घर कुठलं, असं कोणी विचारलं की इतकी वर्षं मी पांढुर्णा म्हणून मोकळा व्हायचो. खरं तर जिथं आपल्या वतीनं दुसऱ्याला पाठवून भागत नाही, तेच घर. सुधा, तिकीट काढलं आहे. या भाऊबीजेला मी येतो.